केनियातल्या शाळेत शेती उभी करायला जायचंय. जाऊ का? आणि कधी?

गवतीचहा | १७ नोव्हेंबर, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी पुण्यात आयटीत, सोळा वर्षं झाली. दोन महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर होतेय. माहेर कोरेगाव तालुक्यात, घरी घेवडा आणि आलं. लहानपणी खुरपणी-भांगलणी सगळं केलंय, आता गच्चीवर वीस-पंचवीस कुंड्या आहेत. म्हणजे शेतकरी म्हणवून घेण्याइतकं येत नाही, पण अगदीच कोरीही नाही.

मैत्रिणीच्या ओळखीतून एक शाळा कळली. केनियाच्या पश्चिमेला, होमाबे काउंटीत, व्हिक्टोरिया सरोवरापासून थोड्या अंतरावर. चारशेच्या आसपास मुलं. शाळेमागे दीड एकर जागा पडून आहे. तिथे कमी खर्चाची, खतं-औषधं विकत न घेता चालेल अशी शेती त्यांना सुरू करायचीय. मुलं शिकतील आणि दुपारच्या जेवणाला भाजी मिळेल, असा विचार. जाण्याची सोय करून देणारी एक संस्था आहे. ती म्हणते जून-जुलैत या. दोन महिन्यांचे साडेतीन लाख, तिकीट वेगळं.

माझी अडचण अशी की मी तिथे जाऊन नक्की काय करणार हेच मला धड कळत नाहीये. जीवामृत, गांडूळखत, ठिबक हे डोक्यात आहे. तिकडे राहिलेलं किंवा असं काम केलेलं कोणी आहे का इथे?

---

पाटीलकी_नको | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

साडेतीन लाख देऊन फुकट राबायला जायचं? आमच्याकडे या, मी रोजगारही देतो आणि दोन वेळचं जेवणही.

गंमत सोडा. ज्यांच्या सात पिढ्या मका लावतायत त्यांना पुण्याची आयटीवाली मका शिकवणार, हे जरा कसंतरीच वाटतं. राग मानू नका.

---

गवतीचहा | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

राग नाही हो, हाच प्रश्न मलाही पडलाय. म्हणून तर विचारलं.

---

नैरोबीकर | १८ नोव्हेंबर, दुपारी १:३०

बारा वर्षं इथे आहे, त्यामुळे कागदपत्रांचं सांगतो. शेतीतलं मला ओ की ठो कळत नाही.

जानेवारी २०२४ पासून इथे व्हिसा नाही, त्याऐवजी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, काढावी लागते. पण ती फिरायला. पगार घेणार नसलात, स्वयंसेवक म्हणून येणार असलात, तरी काम हे कामच धरतात. थोड्या महिन्यांसाठी स्पेशल पास लागतो आणि त्यासाठी इथल्या यजमानानं, म्हणजे शाळेनं, अर्ज करावा लागतो. संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारा. ‘टुरिस्ट म्हणून या, चालतं’ असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या.

पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या. लसीच्या नोंदीचं पिवळं पुस्तक जपा, ते आता आयुष्यभर चालतं. परतताना ते नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवस अलग ठेवू शकतात. सरोवराच्या पट्ट्यात मलेरिया बारमाही असतो. डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या, मच्छरदाणीत झोपा. आणि सरोवर कितीही सुंदर दिसलं तरी काठच्या पाण्यात पाय सोडून बसू नका, बिल्हार्झिया होतो. गोगलगाईतून येणारे जंत कातडीतून आत शिरतात.

एक मजेची गोष्ट. स्वाहिलीत भारतीयाला ‘मुहिंदी’ म्हणतात आणि मक्याला ‘महिंदी’. मुहिंदी महिंदी लावायला आली म्हटल्यावर पोरं हसून लोळतील, तयारी ठेवा.

---

सुमन_क | १८ नोव्हेंबर, दुपारी ४:१२

वाचतेय. वाचनखूण साठवली.

---

जेंबेवाला | १९ नोव्हेंबर, रात्री १२:५०

ताई, तुमच्या शाळेपासून मोटारसायकलवर तासभराच्या अंतरावर मी आठ महिने काढलेत, ६-७ वर्षांपूर्वी. आयडीसुद्धा तिथूनच आलाय. जेंबे म्हणजे तिकडची कुदळ. आपल्या कुदळीहून रुंद, दांडा लांब. तिकडची सगळी शेती या एका अवजारावर चालते. जरा लांबण लागेल, दोन हप्त्यांत वाचा.

आधी महिना. जून-जुलै का? कारण युरोपातल्या कॉलेजांना तेव्हा सुट्टी असते. मक्याला तुमची सुट्टी समजत नाही. तिकडे मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर ते डिसेंबर. जूनमध्ये मका छातीएवढा झालेला असतो, जुलै-ऑगस्टमध्ये काढणी. त्या दिवसांत पेरायचं काय? मग स्वयंसेवक भिंती रंगवतात. होय, आमच्या शाळेची एक भिंत तीन वर्षांत चारदा रंगली होती! जायचंच तर फेब्रुवारीत जा. जमीन तयार करा, पहिला पाऊस पडला की पेरा, उगवलेलं बघा आणि या.

आता माझी फजिती. मी कृषी पदवीधर. गेलो ते डोक्यात जीवामृत घेऊनच. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. बेसन किसुमू शहरातल्या गुजराती दुकानातून आणलं. गूळ तिथेच मिळतो, त्या भागात उसाचे मळे आहेत. त्याला ‘सुकारी न्गुरू’ म्हणतात. सारखं बाजारात कोण जाईल म्हणून एकदम २० किलो उचलला. चौथ्या दिवशी हेडमास्तर खोलीच्या दारात. चेहरा गंभीर. मला कळेना काय झालं. मग कळलं की तिकडे माणूस एवढा गूळ घेतो तो एकाच कामासाठी: चांगा गाळायला. चांगा म्हणजे हातभट्टी. नवा मुहिंदी शाळेच्या आवारात भट्टी लावतोय, अशी बातमी बाजारभर झाली होती. ड्रम उघडून दाखवला, वास दिला, तर संशय आणखीच पक्का झाला.

ते निस्तरलं. पण शाळेची स्वयंपाकीण ड्रमापाशी येऊन उभी राहिली. बेसनाच्या पिशवीत हात घालून पीठ बोटांत चोळलं, जिभेला लावलं आणि विचारलं, “हे जमिनीला घालणार?” पुढे काही बोलली नाही. त्या दिवशी सकाळची उजी पातळ झाली होती. उजी म्हणजे मुलांना दहा वाजता मिळणारी पिठाची पेज. बाईंनी ती पिशवी उचलून नेली आणि दुसऱ्या दिवशीच्या उजीत घातली. त्यानंतर मी जीवामृताचं नाव काढलं नाही.

तिथे खताला काय आहे ते बघायला दोन महिने लागले. ते रस्त्याच्या कडेलाच होतं. टिथोनिया, पिवळ्या फुलांचं जंगली सूर्यफूल, कुंपणाला माजलेलं असतं. पाला कोवळा असताना कापून मातीत गाडला की आठवड्याभरात कुजतो. आपल्याकडे गिरिपुष्पाचा पाला टाकतात तसंच. फुकट. त्यावर पश्चिम केनियात बरंच संशोधनही झालंय. मी त्या झुडपांशेजारून रोज चालत जात होतो, हातात बेसन.

बाकी उद्या.

---

पाटीलकी_नको | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

हातभट्टी =)) =))

जेंबेवाले, दुसरा हप्ता टाका.

---

जेंबेवाला | २० नोव्हेंबर, रात्री ११:१५

हप्ता दुसरा.

शाळेच्या भाजीचा हिशेब आधी कागदावर करा. चारशे मुलं, प्रत्येकी ५० ग्रॅम भाजी म्हटली तर रोजची २० किलो. आठवड्याची १०० किलो. सुकुमाविकी (जाड पानांची कोबीच्या जातीतली भाजी, तिकडची रोजची) कितीही जोमानं आली तरी नवख्या शाळेच्या चार वाफ्यांतून शंभर किलो दर आठवड्याला निघत नाही. ‘शाळेची भाजी शाळेत पिकेल’ असं पालकांना सांगून बसलात तर पहिल्याच सत्रात तोंडघशी पडाल.

आमच्याकडे चाललं ते रोपांचं. शाळेत रोपवाटिका आणि बी, भाजी पोरांच्या घरी. प्रत्येक पोर दहा रोपं केळीच्या सोपात गुंडाळून घरी न्यायचं. घरी आई किंवा आजी असते, पाणी असतं आणि ती भाजी आपली आहे ही भावना असते.

मक्याचं म्हणाल तर तिथे दोन शत्रू. एक खोडकिडा, दुसरं स्ट्रायगा. लुओ या तिकडच्या भाषेत ‘कायोंगो’. जांभळ्या फुलांचं देखणं तण. मुळं मक्याच्या मुळांत घुसवून रस पितं. वर दिसतं तोवर मका संपलेला असतो.

यावर उपाय त्याच भागात सापडलाय. सरोवराकाठी म्बिता नावाचं गाव आहे, तिथे इसिपे या कीटक संशोधन संस्थेचं केंद्र आहे. ही संस्था थॉमस ओधियांबो या केनियन शास्त्रज्ञानं १९७० मध्ये काढली. तिथल्या ‘पुश-पुल’ पद्धतीत मक्याच्या ओळींच्या मधे डेस्मोडियम लावतात आणि शेताच्या चारी कडांना नेपियर गवत. डेस्मोडियम म्हणजे आपल्या दशमुळातल्या सालवणीची जातभाई. तिच्या वासानं खोडकिड्याचे पतंग मक्यापासून पळतात आणि कडेच्या नेपियरवर जाऊन अंडी घालतात, तिथे अळ्या फारशा जगत नाहीत. शिवाय डेस्मोडियमच्या मुळांतून जे पाझरतं त्यानं स्ट्रायगाचं बी रुजतं, पण त्याला चिकटायला मक्याचं मूळ सापडत नाही आणि ते मरतं. नेपियर आणि डेस्मोडियम दोन्ही जनावरांचा चारा. हे सगळं उभं करण्यात झेयाउर खान या भारतात जन्मलेल्या कीटकशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे, म्हणजे तिकडच्या मातीत मुहिंदीनं काही केलंच नाही असं नाही.

पण पहिल्या हंगामात डेस्मोडियम रडतखडत येतं. खुरपणी कराल तेवढी थोडी. शाळेत पूर्ण दीड एकर करू नका. १० मीटर बाय १० मीटर करा आणि शेजारी तेवढाच साधा मका. पोरांना फरक डोळ्यांनी दिसू दे.

आणि बी इकडून नेऊ नका. मी मेथी नेली होती, विमानतळावर टोपलीत गेली. तिकडचं पीक-तपासणी खातं, केफिस, परवान्याशिवाय दाणासुद्धा आत सोडत नाही, आणि बरोबरच आहे.

---

सदू_सोलापूर | २१ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

स्ट्रायगा म्हणजे आमचा टारफुला की! ज्वारीत येतोय. आमचं आजोबा म्हणायचं, टारफुला दिसला की रान चोरट्यानं खाल्लं समजायचं. फूल यायच्या आत उपटून जाळायचा. बी धुळीवानी बारीक असतंय, एका झाडाला हजारानं, अन् वर्षानुवर्षं मातीत जितं राहतंय.

तिकडं मक्यात लष्करी अळी बी असंल. आफ्रिकेत २०१६ ला आली अन् आमच्याकडं २०१८-१९ ला. पोंग्यात बघा, मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत. भुसा सांडल्यावानी दिसला की समजायचं.

---

जेंबेवाला | २१ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

सदूभाऊ, +१. आहे, भरपूर आहे. पोंग्यात चिमूटभर माती-राख टाकतात तिकडे. पोरांना ते काम फार आवडतं.

---

मास्तर_आटपाडी | २१ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्याकडे पोषण आहारासाठी परसबाग करायची असते. स्पर्धा होतात, फोटो जातात. पाटीलकी_नको यांना सांगतो, लांब केनियात कशाला, हे मलाही आधी वाटलं. मग धागा वाचताना वाटलं, अरे हे तर आमचंच चाललंय.

गवतीचहा मॅडम, एकच प्रश्न विचारतो. सुट्टीत पाणी कोण घालणार?

आमची पहिली परसबाग जूनमध्ये सुरू केली. फेब्रुवारीत बघायला माणसं यायची अशी. १५ एप्रिलला कडक ऊन, मे महिन्यात सुट्टी. जूनला शाळा उघडली तेव्हा वाफ्यात बाटल्यांचं कुंपण तेवढं शिल्लक. शेळ्यांनी मिरचीचं खोडसुद्धा ठेवलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी शिक्षकांच्या पाळ्या लावल्या. कागदावर. तिसऱ्या वर्षी शाळेशेजारी राहणारी बचत गटातली एक मावशी गाठली. तिला सांगितलं, सुट्टीत पाणी तुम्ही घाला, सुट्टीत जे निघेल ते सगळं तुमचं. विका, खा, वाटा, आम्ही विचारणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात लिहून घेतलं, नाहीतर गावात लगेच ‘शाळेची भाजी हिनं खाल्ली’ सुरू होतं. तेव्हापासून बाग मेली नाही. जूनमध्ये मुलं येतात तेव्हा वांगी लागलेली असतात.

---

जेंबेवाला | २२ नोव्हेंबर, रात्री १२:२०

मास्तर, हात जोडतो. माझी रोपवाटिका मी परत आल्यानंतरच्या पहिल्याच डिसेंबरात गेली. तिकडे शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. एप्रिल, ऑगस्ट आणि वर्षअखेरीस मोठी सुट्टी. मी पाळीचा तक्ता लॅमिनेट करून भिंतीला लावून आलो होतो. तो अजून असेल.

---

गवतीचहा | २३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

दोन दिवस नुसती विचार करतेय. संस्थेला फोन केला. ‘टुरिस्ट म्हणून या’ हेच उत्तर आलं. साडेतीन लाखातले शाळेला किती, या प्रश्नावर ‘कळवतो’. फोन ठेवून दिला.

शाळेला थेट लिहिलंय. हेडमिस्ट्रेस आहेत. मास्तरांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्यांचं उत्तर एका ओळीचं: “हे आजवर आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.”

---

नैरोबीकर | २३ नोव्हेंबर, सकाळी ११:००

शाबास. पासच्या अर्जात अडलं तर शाळेला सांगा मला विचारायला. व्यक्तिगत निरोप करतो.

---

गवतीचहा | २ मार्च, रात्री ८:४०

धागा वर काढतेय. पोचून पंधरा दिवस झाले. रात्री साडेसातला अंधार, नेट कधीमधी. तुकड्यातुकड्यानं लिहिते.

जमीन काळी. मी पुण्याहून इतक्या लांब आले आणि पायाखाली कपाशीचं रान! कोरडी आहे तेव्हा भेगा एवढ्या की पोरांचा चेंडू अडकतो. परवा वळीव पडला तर चप्पल सोडून यावं लागलं, अक्षरशः. मातीनं धरून ठेवली.

पहिल्या दिवशी मी सातवीच्या वर्गात विचारलं, शेतात काम करायला कोणाला आवडतं? एकही हात वर नाही. मला वाटलं लाजतायत. दुपारी कारण कळलं. उशिरा आलेली सहा मुलं शाळेमागच्या रानात जेंबे घेऊन उकरत होती. शिक्षा! म्हणजे ज्या जागेत आम्ही ‘मुलांना शेतीची गोडी’ लावणार, तीच जागा वर्षानुवर्षं शिक्षेची होती. हेडमिस्ट्रेसबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, मलाही लहानपणी हीच शिक्षा होती, त्यात काय? मग थोड्या वेळानं म्हणाल्या, खरंच की. आता उशिरा येणाऱ्यांनी अंगण झाडायचं, रानात जायचं नाही. एक शिक्षक अजून पाठवतात. मी दिसले की मुलांना परत बोलावतात.

इथे शाळांत फोर-के क्लब असतो. कुउंगाना, कुफान्या, कुसाइदिया केन्या: एकत्र या, काम करा, केनियाला हातभार लावा. जुना आहे, मधे बंद पडला होता, २०२१ मध्ये सरकारनं पुन्हा सुरू केला. आमच्या शाळेत त्याचा फलक होता, क्लब नव्हता. आता ३१ पोरं आहेत.

पत्र्याच्या छपराला पन्हळ लावली. एक खोली ८ मीटर बाय ६, म्हणजे ४८ चौरस मीटर. ४० मिलिमीटर पाऊस पडला तर सांडलवंड वजा जाता दीड हजार लिटर टाकीत. हे गणित आठवीच्या मुलांनी फळ्यावर केलं आणि पावसानंतर काठी बुडवून टाकी मोजली. १,४०० च्या आसपास भरलं. त्यांचा गुरुजींवर विश्वास बसला.

ठिबकच्या नळ्या शेळ्यांनी चावल्या. त्यावर अधिक लिहीत नाही.

---

सदू_सोलापूर | ३ मार्च, सकाळी ६:०५

काळ्या रानात सपाट वाफं करू नका ताई, पाणी तुंबून मुळ्या कुजतील. गादीवाफा करा, वीतभर उंच.

---

गवतीचहा | ३ मार्च, रात्री ९:१०

केले होते सपाट. उद्या मोडतो. धन्यवाद सदूदादा.

---

गवतीचहा | १९ मार्च, रात्री ८:१५

आजची गोष्ट लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

इथे ‘देक’ नावाची पालेभाजी खातात. फोटो बघून आईला पाठवला. ती म्हणाली, अगं ही तर पांढरी तिळवण, आपल्या बांधाला उगवते, उपटून फेकतो. इथे बाजारात जुडी विकत घेतात. कडू असते, म्हणून दूध घालून शिजवतात, कधी रात्रभर तशीच मुरत ठेवतात. चवळीचा पाला, कामोणीचा पाला, तसंच हे. मला वाटलं, सुकुमाविकीपेक्षा हेच लावावं. घरचं, पावसाला टिकणारं.

शेजारच्या रानात देकच्या शेंगा पिकल्या होत्या. मी आणि पोरांनी ताजं बी काढलं आणि त्याच दिवशी पेरलं. ताजं बी म्हणजे उत्तम बी, मला एवढंच माहीत. बारा दिवस झाले. काही नाही. एका वाफ्यात मोजून चार कोंब.

आज स्वयंपाकघरातल्या आजी वाफ्यापाशी आल्या. वय साठीच्या पुढचं, नाव लिहीत नाही. मूठभर माती उचलली, त्यातलं काळं बी बोटानं वेगळं केलं, तळहातावर ठेवून माझ्यासमोर धरलं. लुओत काहीतरी म्हणाल्या. पोरं फिदीफिदी हसायला लागली. एकीनं इंग्रजीत सांगितलं: “ती म्हणते, हे बी अजून झोपलंय. बाळाला कोणी नांगराला जुंपतं का?”

देकचं ताजं बी रुजतच नाही. काही महिने ठेवावं लागतं, मग उठतं. आजींनी घरून मागल्या वर्षीचं बी आणलं. जुन्या ओढणीच्या तुकड्यात गाठ मारून, चुलीच्या वर टांगलेलं, धुरानं काळं झालेलं. वाफ्यावर ओळीनं नाही, चिमटीनं फेकलं, वरून झाडाच्या डहाळीनं नुसतं ओढलं. मी खोल गाडलं होतं ते वेगळंच.

---

मास्तर_आटपाडी | १९ मार्च, रात्री १०:०१

चुलीवरचं बी! आमच्या आईचं दुधी भोपळ्याचं बी असंच असायचं. त्या आजींना शाळेत शिकवायला बोलवा की, तासाला.

---

गवतीचहा | २४ मार्च, रात्री ७:५०

उगवलं. पाचव्या दिवशी. वाफा हिरवागार.

मास्तर, आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, वर्गात मी जाणार नाही, पोरांना माझ्याकडे पाठवा. दर मंगळवारी दहा-दहा जण स्वयंपाकघरामागे जातात. मी तिथे नसते.

---

गवतीचहा | ९ एप्रिल, सकाळी १०:२०

उद्या निघतेय. सुट्टी लागली.

मास्तरांची युक्ती केली. शाळेच्या आवारात राहणारा वॉचमन आहे, बायको-मुलं तिथेच. बोर्ड ऑफ मॅनेजमेंटच्या बैठकीत तासभर वाद झाला. एक सदस्य म्हणाले, शाळेची भाजी घरी नेणं म्हणजे चोरी. हेडमिस्ट्रेसबाईंनी विचारलं, मेलेली भाजी कोणाची? मग इतिवृत्तात लिहिलं गेलं: सुट्टीत पाणी, राखण आणि उत्पन्न वॉचमनच्या कुटुंबाचं, देकचं बी मात्र शाळेचं. शेवटची अट आजींची. जेंबे आता हेडमिस्ट्रेसच्या कपाटातून निघून वॉचमनच्या खोलीत गेलेत. ही माझ्या मते सगळ्यात मोठी घडामोड, पण फोटोत दिसत नाही.

पुश-पुलचा तुकडा १० बाय १०. डेस्मोडियम केविलवाणं दिसतंय, जेंबेवालेदादा म्हणाले तसंच.

---

पाटीलकी_नको | ९ एप्रिल, दुपारी १२:४५

पहिल्या दिवशी टोमणा मारला होता, तो परत घेतो. अर्धा. मका शिकवायला गेलात आणि पालेभाजी शिकून आलात हे तर मी म्हटलंच होतं.

---

गवतीचहा | ९ एप्रिल, दुपारी १:००

अर्धा ठेवा, हरकत नाही. :)

---

जेंबेवाला | १७ ऑगस्ट, रात्री ११:३०

ताई, ऑगस्टची सुट्टी चालू असेल. काही कळलं का?

---

गवतीचहा | १८ ऑगस्ट, रात्री ९:२५

काल वॉचमनच्या मुलीनं व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवला. सहावीतली आहे, क्लबमध्ये आहे. स्वाहिली-इंग्रजी मिसळून दोन मिनिटं. नैरोबीकरांनी ऐकून सांगितलं.

देक जिवंत. बी काढून दोन मडकी भरलीत, एक आजींकडे, एक शाळेत. सुकुमाविकी वॉचमनची बायको फाटकावर विकते, बोर्डातले ते सदस्यच रोज घेऊन जातात म्हणे. साध्या तुकड्यातल्या मक्यात कायोंगो भरपूर, डेस्मोडियमच्या तुकड्यातही आहे, पण कमी. कमी म्हणजे किती ते तिनं मोजलंय: एकीकडे ११२ झाडं, दुसरीकडे ७४. रोपवाटिका मात्र गेली. एका रात्रीत गाई शिरल्या, काटेरी फांद्यांचं कुंपण मोडून.

आता ते लोक कुंपणाला तारेचे पैसे मागू का, असं विचारतायत. हेडमिस्ट्रेसबाई नको म्हणतात. तिथल्या घरांभोवती शेराचं कुंपण असतं, आपल्या कोकणात असतं तसंच, हिरव्या कांड्यांचं, पानं जवळजवळ नाहीतच. ते शाळेला लावायचं ठरतंय, पुढच्या पावसाच्या तोंडावर. पण पोरांच्या शाळेत चिकाचं झाड लावावं का, याची धास्ती वाटते. कोणी लावलंय का?

---

आंबोलीची_सून | १९ ऑगस्ट, सकाळी ७:०५

आमच्या परड्याला पन्नास वर्षं शेर आहे. गुरं तोंड लावत नाहीत. कांड्या हातभर तोडून दोन दिवस सावलीत टाकायच्या, चीक सुकतो, मग वीतभर अंतरावर दाटीनं लावायच्या. तोडताना मोठ्या माणसांनी तोडायच्या, चीक डोळ्यांत गेला तर दिसायचं बंद होण्यापर्यंत जातं. पोरांना फक्त खड्डे काढायला द्या. आणि तोडणाऱ्यानं हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. आमच्या सासऱ्यांनी लावला होता एकदा, कपाळ पुसायला.

---

गवतीचहा | १९ ऑगस्ट, सकाळी ७:४०

हे जसंच्या तसं इंग्रजीत करून पाठवते. सासऱ्यांचं पण.